फांदीवरचा कोष, पातेऱ्यातला कोष

माझ्या सासऱ्यांचं आणि माझं कधी पटलं नाही. हे मी आजवर कुणापाशी बोललो नव्हतो. कुणी विचारलंच तर ‘ते जरा जुन्या वळणाचे आहेत’ म्हणायचो आणि विषय बदलायचो. वळण जुनं असो की नवं, खरी गोष्ट एवढीच की मला त्यांचा राग यायचा आणि त्यांना माझा. ते पडवीत नुसते खाकरले तरी माझ्या कपाळावर आठी चढायची. मी दारात मोटारसायकल उभी केली की ते माझ्याकडे न बघता, गाडीकडे बघून म्हणायचे, “आले मास्तर.” वीज गेली असं सांगावं, तसं.

मी पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. सासुरवाडी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. भातशेती, चार आंब्याची झाडं, बांधावर मोईचं आणि महारुखाचं झाड. लग्न आम्ही दोघांनी ठरवलं होतं. मी त्यांच्यातला नव्हतो, त्यामुळे ते बराच काळ अडून बसले, आणि बायको त्यांच्यासमोर त्यांच्याहून जास्त अडून बसली. शेवटी त्यांनी लग्न लावून दिलं. मुलगी दिली असं मात्र मला कधी वाटलं नाही.

बाकी सगळी आळी मला जावईबापू म्हणायची. ते मास्तर म्हणायचे. मान द्यायला कमी करायचे नाहीत. मला पाट, मला रांगोळी, कोंबडीचा चांगला तुकडा मला. पण ताटात तो तुकडा वाढला जात असताना म्हणायचे, “मास्तरांना हाड नका देऊ. त्यांना चावायची सवय नाय.”

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी तिकडे गेलो, तेव्हा पडवीच्या भिंतीवर एक अॅटलास पतंग बसला होता. दोन तळहात शेजारी शेजारी पसरावेत एवढा. तांबूस तपकिरी पंख, त्यात काचेच्या तुकड्यांसारख्या पारदर्शक त्रिकोणी खिडक्या, आणि पुढच्या पंखांच्या टोकांना हुबेहूब नागाचं डोकं, डोळ्यासकट. सासूबाईंनी आतून हळदीकुंकू आणलं आणि त्याच्या शेजारच्या भिंतीला बोटं टेकवली. त्या घरात नागपंचमीच्या आसपास हा पतंग आला की त्याला कुणी हुसकत नसे. ‘नाग आला’ म्हणायचे.

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी नवा जावई आणि त्यात शिक्षक. म्हणालो, “हा पतंग आहे. पक्ष्यांनी घाबरावं म्हणून पंखावर तसं चित्र असतं.”

सासऱ्यांनी सुपारी कातरता कातरता वर पाहिलं. “आमाला काय ठावं नाय काय, हा पाखरू हाय ते? आमी खुळे काय? पर नागाचं तोंड घेऊन दारात आलाय, तर त्याला मान नको?”

“तोंड नसतंच त्याला,” मी म्हणालो. “खरंच. कोषातून बाहेर आल्यावर तो काही खात नाही, पीत नाही. अळी असताना खाल्लेल्यावर आठवडाभर जगतो आणि मरतो.”

मग ते हसले, पण माझ्याशी नाही, भिंतीशी. “बरं. नागाला तोंड नाय. जावयाला मातर हाय.”

हे वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या आळीत फिरलं. पुढची किती तरी वर्षं मी रस्त्याने जाताना पारावरून कुणीतरी विचारायचं, “काय जावईबापू, नागाला तोंड फुटलं काय?” सगळे हसायचे. मीही हसायचो. घरी येऊन बायकोवर चिडायचो.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर बांधावरच्या मोईखाली मला चंद्रपतंग मिळाला. ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू? पिस्त्याच्या आतल्या रंगाचे पंख, पुढच्या कडेला जांभळट काठ, आणि मागे दोन लांब शेपट्या, वाऱ्यावर हलणाऱ्या. अंग पांढऱ्याशुभ्र लोकरीचं. बायको म्हणाली, “अगंबाई, ही तर साडी नेसून आली.” मी तो तळहातावर घेऊन पडवीत गेलो. आदल्या वर्षीचा हिशेब चुकता करायचा होता, दुसरं काही नाही.

“हे बघा मामा. तुमच्या बांधावर सापडला.”

त्यांनी बघितलं. “कागदाचा हाय काय?”

“जिवंत आहे.”

“दोन दिसांत मरल.” आणि ते बैलाला पाणी दाखवायला उठून गेले.

त्या दिवसापासून अॅटलास त्यांचा आणि चंद्रपतंग माझा झाला. आता हे लिहितानाही मला ते पोरकट वाटतं, पण तसं झालं खरं. अॅटलास त्यांच्यासारखाच वाटायचा मला: भारदस्त, मातीच्या रंगाचा, कुणी जवळ गेलं की उडून जायच्या ऐवजी जमिनीवर पडून पंख सावकाश हलवत डोळे दाखवणारा. धमकावण्यावर सगळा भर. चंद्रपतंग धमकावत नाही. वटवाघूळ मागे लागलं की त्याच्या त्या फिरणाऱ्या शेपट्यांचा पाठलाग करतं, शेपटी तुटते, पतंग वाचतो. वर्गात मी हे शिकवताना चंद्रपतंगाबद्दल जरा जास्तच बोलायचो. एखादा विद्यार्थी विचारायचा, सर मोठा कोण? मी म्हणायचो, मोठा अॅटलास, पण मोठेपणाला काय करायचंय?

खरा फरक मला कोष बघताना कळला, आणि हे सगळं त्या फरकावरूनच घडलं. दोघांच्या अळ्या पावसाळा संपता संपता पानात गुंडाळून कोष करतात, आणि तो कोष हिवाळा-उन्हाळा तसाच राहतो, पुढच्या पावसापर्यंत. अॅटलासची अळी हुशार. पान गळणार हे तिला जणू माहीत असतं. कोष विणायच्या आधी ती पानाचा देठ रेशमाने फांदीला घट्ट बांधून घेते. सगळं झाड उघडं झालं तरी तिची तपकिरी पुडी फांदीला लोंबत राहते, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. चंद्रपतंगाची अळी असलं काही करत नाही. ती दोन-तीन पानं ओढून आत झोपते. पान गळलं की कोष पानासकट खाली, पातेऱ्यात. वाळलेल्या पानांच्या ढिगातलं आणखी एक वाळलेलं पान. हातात घेतलं, वजन लागलं, आत काहीतरी वळवळलं, तरच कळतं. नुसतं बघून मलाही कळत नाही.

एका वर्षी कॉलेजच्या विज्ञान प्रदर्शनात मी दोघांची तुलना मांडायचं ठरवलं. चित्रं नकोत, जिवंत, कोषापासून पतंगापर्यंत. बाल्कनीत ठेवलेले कोष उन्हाने वाळून मरतात, म्हणून ते झाडाखालीच राहू द्यायचे आणि मे महिन्याच्या शेवटी उचलून आणायचे असा बेत होता. अॅटलासच्या पुड्या विहिरीजवळच्या महारुखावर होत्या. त्या मी सासऱ्यांना दाखवल्या. “यातून तुमचा नाग निघतो,” म्हटलं. ते मान वर करून बराच वेळ बघत राहिले.

चंद्रपतंगाचे कोष मी मोईखालच्या पातेऱ्यातून एकेक पान चाचपून शोधले, एका ठिकाणी ठेवले, वर पातेरा पसरला आणि खूण म्हणून भोवती दगडांचं कडं केलं. त्यांच्याबद्दल सासऱ्यांना काहीच सांगितलं नाही. का, ते मला तेव्हाही ठाऊक होतं: ‘कागदाचा हाय काय’ पुन्हा ऐकायचं नव्हतं. त्यांच्या जमिनीत माझी अशी एक गोष्ट असावी जी त्यांना ठाऊक नाही, यात मला एक मजा वाटत होती.

आता दुसऱ्या बाजूने बघा. विमानतळ येणार अशी चर्चा सुरू झाली होती. नेऱ्याच्या रस्त्याने शहरातल्या गाड्या यायच्या, काच खाली करून ‘जागा आहे का’ विचारायच्या. फार्महाऊसची कुंपणं उठत होती. कुणाच्या चुलत्याने परस्पर जमिनीची मोजणी आणली, कुणाच्या जावयाने सासऱ्याचा अंगठा घेतला, अशा गोष्टी रोज पारावर. आणि अशा दिवसांत एका माणसाच्या बांधावर त्याच्या शहरी जावयाने दगड मांडले. गावात बांधावर दगड मांडणं म्हणजे जमिनीवर हद्द घालणं, हे मला कळायला हवं होतं. मी तेवढा मूर्ख नव्हतो. पण मी फक्त पतंगाचाच विचार करत होतो.

राब भाजायचे दिवस आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्या भागात भाताचं रोप जिथे करायचं, त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पातेरा, गवत असं थरावर थर घालून वर माती टाकतात आणि पेटवतात. तण जळतं, रोप जोमाने येतं. त्यासाठी सगळे बांध झाडून पातेरा गोळा करतात.

त्या रविवारी मी एकटाच गेलो होतो. सासरे मोईखाली उभे होते, हातात पातेरा ओढायचं दाताळं.

“मास्तर, हे दगड तुमी मांडले?”

“हो.”

“कशाला? मोजणी आणताय काय?”

त्यांचा आवाज टिंगलीचा नव्हता, हे आज मला स्पष्ट आठवतं. तेव्हा मात्र टिंगलच ऐकू आली. मी म्हणालो, “हो. मोजणी आणतोय. इथे माझं फार्महाऊस होणार.”

त्यांनी दगडांच्या कड्याकडे बघितलं. मग म्हणाले, “मधला पातेरा उचलू ना? राबाला कमी पडतोय.”

इथे मला थांबायला हवं. कारण पुढे मी जे बोललो ते रागाच्या भरात निसटलं असं मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो, आणि ते खोटं आहे. मला विचार करायला भरपूर वेळ मिळाला. त्या पातेऱ्यात काय आहे ते मला माहीत होतं. तो राबात जाणार आणि जळणार, तेही. ‘थांबा, त्यात कोष आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या मनात आलं, होऊ दे. यांच्या हातून एकदा तरी अशी चूक होऊ दे की मला ती बोट दाखवून सांगता येईल.

“उचला की,” मी म्हणालो. “तुमचीच जमीन, तुमचाच पातेरा.”

गाडीला किक मारली आणि पनवेलला आलो. बायकोला काही सांगितलं नाही. तो आठवडा मी अगदी खुशीत होतो, हेही सांगून टाकतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं गेलो. राब भाजून झाला होता, काळा चौकोन अजून धुमसत होता. मोईखाली माझं दगडांचं कडं जसंच्या तसं. एक दगड हललेला नव्हता. आतली जागा मात्र दाताळ्याने लख्ख ओढलेली.

मी डोक्याला हात लावला. नाटक होतं, पण मी ते बरं केलं. “माझे कोष! मामा, इथे माझे कोष होते!”

सासरे विहिरीवरून आले. “काय व्हते?”

“चंद्रपतंगाचे कोष. मी सांगितलं होतं तुम्हाला.”

“कवा सांगितलं?”

“मागच्या रविवारी. इथेच उभे होतो आपण. हे दगड कशाला म्हणून तुम्हीच विचारलंत.”

“इचारलं. तुमी मोजणी बोल्ला.”

“मोजणी?” मी हसलो. बायकोकडे बघून हसलो. “कसली मोजणी?”

“बाबा, कायपण बोलू नको तू,” ती म्हणाली.

त्यांचा चेहरा असा झाला, जणू दगडाखाली हात अडकलाय आणि ओरडताही येत नाही. आणि मग मी पुढची गोष्ट केली, तिची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण तिच्यासाठी मी माझं ज्ञान वापरलं. मी बायकोला विहिरीजवळ नेलं. महारुखाच्या खालच्या सगळ्या फांद्या राबासाठी तोडल्या होत्या, फक्त एक सोडून. तिच्यावर अॅटलासच्या पुड्या लोंबत होत्या.

“बघ,” मी म्हणालो. “यांना कोष कळत नाही असं नाही. स्वतःचा नाग ठेवला. माझा तेवढा जाळला. आणि दगडसुद्धा हलवले नाहीत. मला दिसावं म्हणून.”

वर्गात मी मुलांना सांगतो, दोन नमुन्यांची तुलना करताना ज्या गोष्टीत ते वेगळे आहेत तीच आधी बघा. फांदीवरची पुडी कुणालाही दिसते; पातेऱ्यातला कोष कुणालाच दिसत नाही. तेवढाच फरक मी तिच्यापासून लपवला. तुलना दाखवली, आणि तुलनेचा अर्थ खिशात ठेवला.

ती वडिलांकडे वळली. “तुजा नाग तेवढा ठेवलास. ह्यांचं जाळलंस. का रे बाबा?”

तेव्हा त्यांनी स्वतःची बाजू मांडायला हवी होती. पण तो माणूस तसा नव्हता. “जाळला पातेरा,” ते म्हणाले. “परत जाळीन. माझी जमीन हाय. मोजून घ्या तुमी.”

त्यानंतर ती माहेरी गेली नाही.

हे एका वाक्यात लिहिता येतं, म्हणून लिहिलं. जगताना ते गौरीला घडलं, दिवाळीला घडलं, हिवाळ्यात वालाच्या शेंगांची मडक्यातली पोपटी लागली तेव्हा घडलं. तिच्या गावची एक बाई पनवेलच्या बाजारात भाजी विकायला बसायची. सासूबाई तिच्याबरोबर पिशवी पाठवायच्या. तांदूळ, शेंगा, कधी सुकट. पिशवी घेताना बायको विचारायची, “आई कशी आहे?” बाई म्हणायची, “आई बरी हाय. बाबा बी बरा हाय.” दुसऱ्या वाक्याला ती उत्तर द्यायची नाही. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन पनवेललाच झालं, तेव्हा ती दवाखान्यात अशा वेळी गेली की वडील तिथे नसतील. भावाच्या मुलीच्या बारशाला गेली नाही. वडिलांनी एकदा चुकलं म्हणावं, एवढीच तिची अट होती. ते म्हणणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. ती माझ्यासाठी वडिलांशी लग्नाच्या वेळी भांडली होती. आता पुन्हा माझ्यासाठीच भांडत होती. आमचं घर त्या वर्षांत तसं सुखाचंच होतं. त्या सुखाकडे बघायची मला भीती वाटायची.

दोन-तीन वर्षांनी मी ती तुलना प्रदर्शनात मांडली, दुसरीकडून कोष मिळवून. ती बघायला आली. फलकावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: एक फांदीला बांधून घेतो, दुसरा पानाबरोबर गळून पातेऱ्यात मिसळतो, ओळखू येत नाही. शेतकऱ्याची मुलगी ती. वाचून झाल्यावर तिने हळूच विचारलं, “मग बाबांना दिसलं असेल का रे ते?”

“मी सांगितलं होतं ना त्यांना.”

“सांगितलं होतंस ना?”

“हो,” मी म्हणालो. शेजारी मुलं उभी होती, एका जाळीत चंद्रपतंग पंख वाळवत होता, आणि मी हो म्हणालो.

मग एका हिवाळ्यात मेव्हण्याचा फोन आला. शेत द्यायचं ठरलं होतं. एका बंगल्यांच्या स्कीमला. शेवटचा राब, शेवटचं भात, मग संपलं. आई म्हणतेय ताईने एकदा येऊन जावं. बायकोने फोन स्पीकरवर टाकला होता, हात पिठाचे होते.

“बाबा काय म्हणतायत?”

“बाबा?” मेव्हणा जरा घुटमळला. “बाबा म्हणतोय, येऊ दे तिला. पर पातेरा जाळला म्हणून कुणी माफी मागतं काय, असं बोलतो.”

तिने फोन बंद केला. “बघितलंस? एवढी वर्षं झाली, अजून पातेराच म्हणतायत. कोष म्हणायला तोंड उघडत नाही त्यांचं.”

त्यांना कोण कसं कोष म्हणायला लावणार? त्यांच्या लेखी तिथे पातेराच होता. तो माणूस इतकी वर्षं एक खरं वाक्य बोलत होता, आणि त्या वाक्यातला खरेपणाच त्याच्याविरुद्ध जात होता. मला त्यांची दया आली असं नाही. आवडलेही नाहीत ते मला, तेव्हाही नाही, आजही नाही. पण न आवडणाऱ्या माणसाबद्दल खोटं बोललं की ते खोटं हलकं होतं असं मला वाटायचं. ते त्या दिवशी वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती बिरड्याचे वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो.

“त्यांना माहीत नव्हतं,” मी म्हणालो.

“कुणाला? काय?”

“मामांना. पातेऱ्यात काय आहे ते. मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी मला विचारलं होतं, उचलू का. मी उचला म्हणालो.”

तिच्या बोटांतून वाल सालीबाहेर सुटत राहिले. “तुला माहीत होतं, आत काय आहे ते.”

“हो.”

“आणि उचला म्हणालास.”

“हो.”

“का?”

कारणं मी कित्येक वर्षं तयार करत आलो होतो. त्यातलं एकही खरं नव्हतं. “त्यांच्या हातून चूक व्हावी असं मला वाटत होतं.”

“मोजणीचं पण तू बोलला होतास?”

“हो. चिडवायला.”

“आणि प्रदर्शनात मी तुला तोंडावर विचारलं, तेव्हा?”

“हो.”

“हो हो करू नकोस आता,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “तेव्हा करायचं होतं नाही, तर हो केलंस. आता हो करून काय उपयोग?”

तिने सोललेले वाल झाकून ठेवले, साली गोळा केल्या, हात धुतले आणि आतून बॅग काढली. मी विचारलं, सोडायला येऊ का.

“तू? तिथे?” ती म्हणाली. “अजून काही जाळायचं राहिलंय?”

ती नेऱ्याच्या एसटीने गेली. आठवडा उलटला तरी फोन नाही. बिरडं मीच केलं. चव लागली नाही.

परत आली ती तांदळाची पिशवी घेऊन. स्वयंपाकघरात उभी राहूनच सांगितलं, मला बस न म्हणता. तिने वडिलांना सगळं सांगितलं होतं, सगळ्यांच्या समोर. ते सुपारी कातरत ऐकत राहिले. तिला वाटलं, रडतील, शिव्या देतील, तिला जवळ घेतील. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, “मंग ते दगड मोजणीचे नव्हते?”

“नव्हते बाबा.”

“मी अजून हलवले नाय त्यांना. मोजणीचा दगड हलवला तर गुन्हा लागतो.” मग बराच वेळ हसले म्हणे. “म्हंजे मास्तरचा जमिनीवर डोळा नव्हता. नुसता खोटारडा हाय. मी उगाच भ्यायलो एवढी वर्षं.”

हे सांगताना बायकोही हसली. आणि हसता हसता तिचे डोळे माझ्यावर स्थिर होते, आणि त्यात हसू नव्हतं.

“रविवारी या म्हणालेत,” ती म्हणाली. “तुमचे दगड उचलायला. नांगराला लागतात. चहा ठेवलाय, घ्या मास्तर.”

रविवारी गेलो. दगड होते तिथेच होते, शेवाळलेले, गवतात निम्मे रुतलेले. मधली जागा सासरे दरवर्षी दाताळ्याने ओढून घेत आणि कड्याला हात लावत नसत. महारुखावर नव्या पुड्या लोंबत होत्या. खालच्या फांद्या यंदाही तोडलेल्या, ती एक सोडून. पातेरा पुन्हा पडला होता. सासरे बांधावर उकिडवे बसले, शेजारी दाताळं. म्हातारे झाले होते, पण मला बसायला जागा करून द्यावी इतके नाही.

मी दगड एकेक उपटून विहिरीच्या कठड्याशी नेऊन टाकले. ते बघत राहिले. मदत करायला मेव्हणा पुढे झाला तर त्याला म्हणाले, “तू बस. मास्तरला करू दे, त्यांचं काम हाय.”

दगड संपले. मग त्यांनी दाताळ्याचं टोक मोईखालच्या पातेऱ्याकडे केलं. “आता हेच्यात काय हाय, ते आधी सांगा. मागून बायकोला सांगू नका.”

मी गुडघ्यावर बसलो आणि पातेरा चाचपायला लागलो. एकेक गुंडाळलेलं पान उचलायचं, वजन घ्यायचं, कानाशी हलवायचं, बाजूला ठेवायचं. ऊन पाठीवर आलं. ते जागचे हलले नाहीत. शेवटी मी उठलो, गुडघे झाडले.

“काही नाही,” म्हणालो. “उचला.”

‘उचला’ हा शब्द तोंडातून गेला आणि आम्ही दोघांनीही तो ऐकला.

त्यांनी दाताळं हातात घेतलं, पण टेकवलं नाही. पडवीकडे वळून मुलीला हाक मारली. “ये गं इकडं. तू बघ एकदा. ह्याचं काय खरं नाय.”

ती आली. माझ्याकडे न बघता पदर खोचून मी बसलो होतो तिथेच बसली, आणि मी बाजूला काढून ठेवलेली पानं पुन्हा पहिल्यापासून एकेक करून उचलायला लागली. कशी उचलायची, वजन कसं घ्यायचं, हे मीच तिला कधीतरी शिकवलं होतं. तिलाही काही सापडलं नाही. ढीग संपला, तरी ती उठली नाही.

“थांब बाबा,” ती म्हणाली. “अजून एकदा बघते.”